दुसऱ्यांदा जळलेली प्लेट

व्हॅन गॅरेजच्या दारात येण्याआधी तिचा वास आला. जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की माणूस तो विसरत नाही. गुणवंत भोईर बाकड्यावर बसून चहा पीत होता. त्यानं पेला खाली आपटला आणि रस्त्याकडे न बघताच एक शिवी हासडली. इंजिन बोंबलत होतं आणि गाडी मात्र म्हशीच्या चालीनं येत होती. अशी एकच गाडी त्याच्या ओळखीची होती, आणि ती त्याच्या सख्ख्या बहिणीची होती.

गुणवंतचं गॅरेज राई गावात, भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. बापाच्या भातशेतीचा उरलेला एक कोपरा होता, त्यावर पत्रे टाकून त्यानं ते उभं केलं होतं. मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, तिथं तो आणि बायको सुचेता. बाकीच्या शेतावर आता इमारत होती. गाड्यांच्या कामात त्याचा हात चांगला होता, पण गावात त्याचं नाव झालं होतं ते तापट डोक्यामुळं. तरणा असताना शिमग्याच्या भांडणात त्यानं एका माणसाचा जबडा मोडला होता आणि कोठडीत दिवस काढले होते. पन्नाशी आली तरी आवाज उतरला नव्हता. गिऱ्हाईक त्याच्याशी वाद घालत नसे. शेजारचा पंक्चरवालाही त्याला सांगायचा, "गुणवंतभाई, आप गुस्सा मत करो, बीपी बढेगा."

आनंदी त्याच्याहून बरीच लहान. बाप गेला तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती. गुणवंतनंच तिला वाढवलं, शिकवलं, गाडी चालवायला शिकवली, आणि वरसाव्याच्या चंदन तांडेलला दिली. चंदनची तेव्हा खाडीत होडी होती. पुढं होडी विकून तो घोडबंदर रोडवर डंपर चालवायला लागला. आनंदीनं शाळेची व्हॅन घेतली. बेव्हर्ली पार्क वसाहतीतली मुलं सकाळी शाळेत सोडायची, दुपारी घरी आणायची. मुलांच्या आया तिला आनंदीताई म्हणत.

"दादूस, गाडी उचलत न्हाय," ती सीटवर बसूनच म्हणाली. "काल वरसाव्याच्या पुलावर चढता चढेना. मागून हॉर्न मारून लोकांनी जीव खाल्ला."

"उचलंल कशी? वास येतोय तो काय अगरबत्तीचा हाय? गणपतीआधी नवी प्लेट टाकली ना मी? आनी शिमगा यायच्या आत जाळलीस? उतर खाली!"

ती सावकाश उतरली. गुणवंत सीटवर चढला. त्यानं हँडब्रेक करकचून ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लचवरून पाय हळूहळू काढला. क्लच धड असता तर गाडीला झटका बसून इंजिन तिथल्या तिथं बंद पडलं असतं. पण पाय पूर्ण निघाला तरी इंजिन आपलं घुरघुरत राहिलं. म्हणजे इंजिन फिरत होतं आणि त्याची ताकद चाकांपर्यंत पोचतच नव्हती. त्यानं केबल तपासली. कधीकधी केबल जास्त ताणलेली असली तरी क्लच असा सटकतो. केबल बरोबर होती. ऑइल गळून प्लेटवर गेलं असेल म्हणून तो खाली सरपटून बघून आला. तेही नव्हतं.

"प्लेट गेलीय," तो बाहेर येत म्हणाला. "गिअरबॉक्स उतरवायला लागंल. दुपारची पोरं दुसऱ्या कोनाला तरी सांग."

आनंदीनं एका ओळखीच्या व्हॅनवाल्याला फोन केला आणि बाकड्यावर बसली. बसताना तिनं एक हात बाकड्यावर टेकवला. गुणवंतचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यानं व्हॅन स्टँडवर घेतली, मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट सोडला, गिअरबॉक्सचे बोल्ट काढले आणि जॅकवर तोलत तो खाली उतरवला. मग प्रेशर प्लेट खोलली, आणि जळालेली क्लच प्लेट त्याच्या हातात आली.

तिच्यावरचा खरखरीत थर पार झिजून रिव्हेट उघडे पडले होते. इंजिनच्या ज्या चकतीला ती घासायची, ती उष्णतेनं निळी पडली होती. क्लच दाबल्यावर जे बेअरिंग पुढं सरकतं ते त्यानं बोटानं फिरवून बघितलं, तर दगडावर वाळू वाटल्यासारखा आवाज आला. हे बेअरिंग एकाच कारणानं असं मरतं. चालवणाऱ्याचा पाय सतत क्लचवर टेकलेला असतो. थोडासाच, पण सतत.

"पाय!" तो ओरडला. "किती वेला सांगितला, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नको! मीच शिकवली ना तुला? का सगला इसरलीस? पोरं असतात गाडीत! पुलावरून मागं आली असती तर?"

आणि त्यानं ती प्लेट भिरकावली. आनंदीच्या अंगावर नव्हे, कोपऱ्यातल्या भंगारावर. पत्र्यावर ती दाणकन आदळली.

आनंदी बाकड्यावरून खाली गेली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी, गुडघे पोटाशी. आवाज होईपर्यंत ती त्या मुद्रेत पोचलीसुद्धा होती. अंगाला सवय असल्याशिवाय माणूस इतक्या झटकन असं आकसत नाही. गुणवंतनं आयुष्यात पुष्कळ मारामाऱ्या केल्या होत्या, त्यामुळं मार चुकवणं आणि मार झेलणं यातला फरक त्याला कळत होता. ही चुकवत नव्हती. ही झेलायला बसली होती.

तो एक पाऊल मागं सरकला.

"बाय," तो म्हणाला, "उठ."

ती उठली. डावा पाय मागं राहिला, तो तिनं ओढून घेतला. गॅरेजमध्ये एका गिऱ्हाइकाची गाडी उभी होती. गुणवंतनं तिचं दार उघडलं. "बस. क्लच दाबून सोडून दाखव."

आनंदीनं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बसली. डावा पाय आत घेताना तिनं मांडीखाली हात घालून तो उचलला. क्लच दाबता येत होता, अंगाचा भार टाकला की पाय खाली जायचा. पण वर घेताना अर्ध्यात थांबायचा. तिथून पुढं मांडी उचलतच नव्हती. हातानं धरून बाजूला ठेवला तरच पाय पेडलवरून निघत होता. आणि गाडी चालवताना एक हात स्टेअरिंगवर, एक गिअरवर. तिसरा हात आणायचा कुठून?

"पायाला काय झाला?"

"पडले."

"कुठं?"

"मोरीत. गणपतीच्या दिवसांत."

"आनंदी, माझ्याकडं बघून सांग."

तिनं बघितलं नाही. गुणवंतनं सुचेताला हाक मारली. सुचेता तिला आत घेऊन गेली आणि दार लोटलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कंबरेपासून गुडघ्यापर्यंत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "जुनं काळं झालंय, वर नवं लाल आहे. खुब्याचं हाड हाताला वाकडं लागतंय. वल्ह्याच्या दांड्यानं मारतो म्हणे. होडी विकली, पण वल्हं ठेवलंय."

गुणवंतनं चाकाचा पान्हा उचलला आणि बाइककडे गेला. त्याला काही ऐकू येत नव्हतं. सुचेता बाइकपुढं येऊन उभी राहिली आणि तिनं हँडल धरलं. मागून आनंदी लंगडत आली.

"दादूस, तू त्याला मारशील, आनी तुला आत टाकतील. मंग मी कोनाकडं येऊ? इतकी वर्सं मी हेच बघत राहिले. तुला सांगितला तर तू खून करशील, म्हनून न्हाय सांगितला."

हे वाक्य पान्ह्यापेक्षा जोरात लागलं. तिचा नवरा तिला मारत होता, आणि ती भावाला सांगू शकली नाही, कारण भावाच्या रागाचीही तिला तेवढीच धास्ती होती. गुणवंतनं पान्हा जमिनीवर टाकला. मग शटरवर मूठ मारली, पुन्हा मारली, पत्र्याला पोचा येईपर्यंत मारली. बोटांची सालं निघाली.

"आज तू घरी जानार न्हाय," तो शेवटी म्हणाला. "उद्या डाक्तर. मंग पोलीस."

"बरं," आनंदी म्हणाली. "फोन बंद करते."

हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो व्हॅनखाली शिरला. शेजारच्या दुकानातून नवा क्लचचा संच आणला होता. त्यानं निळी चकती पॉलिश पेपरनं घासून काढली, नवी प्लेट बसवली. प्लेट बरोबर मध्यावर आली नाही तर गिअरबॉक्सची दांडी तिच्यात जात नाही, म्हणून जुन्या गाडीची एक दांडी घालून मध्य धरला, बोल्ट आवळले. मग गिअरबॉक्स जॅकवर घेऊन वर चढवायला लागला. जॅकचा भार एका हाताच्या आधारानं पुढं सरकवायचा, दुसऱ्या हाताची बोटं खालच्या कडेला लावून दिशा द्यायची. दांडी भोकात शिरतच होती, तेवढ्यात बाहेर बाइक थांबली.

व्हॅनखालून गुणवंतला फक्त पाय दिसत होते. चंदनचे काळे बूट. त्यांच्यासमोर आनंदीच्या चपला.

"फोन बंद का केलास?"

"घरी जा तू," आनंदीचा आवाज. "मी न्हाय येत."

"काय बोललीस?"

चपला एकदम जमिनीवरून उचलल्या गेल्या. एक चप्पल निसटून पडली. केस धरून ओढलेल्या माणसाचा आवाज गुणवंतनं ऐकला.

"चंदन!" तो खालून गरजला. "सोड तिला! मी बाहेर आलो ना, तर—"

"तू ये बाहेर," चंदन म्हणाला. "तुलाच बघतो आधी." आणि काळा बूट जॅकवर बसला.

जॅक तिरपा झाला. गिअरबॉक्स घसरला आणि सगळा भार गुणवंतच्या उजव्या हातावर आला. हात खाली लादीवर, वर लोखंड. त्यानं आपल्या हाडांचा आवाज ऐकला. मग वेदना आली ती अशी, की ओरडायलाही श्वास उरला नाही. तो पाठीवर पडून, एका हातानं जमिनीला खिळून राहिला होता, आणि चार पावलांवर त्याच्या बहिणीला मार बसत होता.

पट्ट्याचे फटके. लाथ. बाकडं उलटलं. मग आनंदी लादीवर आली. तिचा गाल जमिनीला टेकला होता, ओठ फाटला होता, आणि गाडीखालून तिचे डोळे थेट गुणवंतच्या डोळ्यांना भिडले. काळा बूट तिच्या त्याच खुब्यावर पडला. ती ओरडली नाही. तिनं हात लांब केला. गुणवंतच्या डाव्या हाताशी टॉमी पडली होती, चाकं खोलताना लावतात ती हातभर लांबीची लोखंडी पहार. आनंदीच्या बोटांपासून ती वीतभर लांब राहत होती.

गुणवंतनं डाव्या हातानं ती ढकलली.

पहिला घाव नडगीवर बसला. चंदन किंचाळून एका पायावर नाचला. दुसरा गुडघ्यावर. लाकूड फुटावं तसा आवाज झाला आणि चंदन आडवा झाला. आता त्याचाही चेहरा गाडीखालून दिसत होता, तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. आनंदी गुडघ्यांवर उठली. तिला उभं राहता येत नव्हतं, म्हणून ती गुडघ्यांवरूनच मारत होती. खांद्यावर मारलं. हात आडवा आला, त्या हातावर मारलं. तोंडावर मारलं.

"मार!" गुणवंत खालून ओरडला. "मार त्याला!"

तिनं मारलं. रक्ताचा एक फवारा लादीवरून गुणवंतच्या कपाळापर्यंत आला. चंदन आता ओरडत नव्हता, नुसता घोगरा घुरघुरत होता. टॉमी पुन्हा वर गेली, आणि गुणवंतला एकाएकी दिसलं की ही आता थांबणार नाही. तिच्या चेहऱ्यावर राग उरला नव्हता. चटणी वाटताना बाईचा चेहरा असतो तसा तो शांत होता.

"बाय, पुरे!" तो ओरडला. "मरंल तो! आनंदी, पुरे! सुचेता! धर तिला!"

नुकतीच बाजारातून परतलेली सुचेता मागच्या दारातून धावत आली आणि तिनं आनंदीला पाठीमागून मिठी मारली. दोघी मागं कोसळल्या. टॉमी लादीवर वाजत गेली. पंक्चरवाला आणि दोन रिक्षावाले धावून आले, त्यांनी गिअरबॉक्स उचलला. गुणवंतनं हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघायचं टाळलं.

तिघांना एकाच इस्पितळात नेलं. गुणवंतची उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून काढावी लागली. चंदनचा गुडघा फुटला होता, जबडा आणि मनगट मोडलं होतं. जिवावरचा धोका टळला, असं डॉक्टर म्हणाले. आनंदीचा एक्सरे काढला. खुब्याचं हाड कधीतरी मोडून वाकडं जुळलं होतं. "ह्या पायावर तुम्ही चालत कशा होतात?" डॉक्टरांनी विचारलं. "चालत न्हवते," आनंदी म्हणाली, "गाडी चालवत होते."

हवालदार बाई जबाब घ्यायला आल्या तेव्हा गुणवंत खाटेवर होता. त्यानं वाट न बघता सांगून टाकलं, "मी मारलं त्याला. मेवण्यानं माझा हात चिरडला, मी मारलं." गावात कोणीही यावर विश्वास ठेवला असता.

बाईंनी त्याच्या हातावरच्या पट्टीच्या गोळ्याकडे बघितलं. "ह्या हातानं?"

"डाव्यानं."

"गाडीखाली अडकलेले असताना?"

"दादूस, गप," आनंदी म्हणाली. ती शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिचा ओठ सुजून दुप्पट झाला होता. "बाई, मी मारलं. एकटीनं. त्याला माझ्या अंगावरून उठवायचा होता. उठला. मंग हात थांबला न्हाय."

"शेवटचं वाक्य लिहू का?" बाईंनी पेन थांबवून विचारलं. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, सावध करणं होतं.

आनंदीनं थोडा विचार केला. "लिहा," ती म्हणाली. "खरा हाय ते."

टॉमी तिच्या हाताशी कुठून आली, हे बाईंनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. गुणवंत छताकडे बघत पडून राहिला. त्या दिवशी त्याला दोन गोष्टींची लाज वाटत होती, आणि कुठली मोठी ते त्याला ठरवता येत नव्हतं. एक, की त्यानं "मार" म्हटलं. दुसरी, की तिचा गुन्हासुद्धा ती त्याला अंगावर घेऊ देत नव्हती, आणि ते ऐकून त्याला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं होतं.

दोन्ही बाजूंनी गुन्हे दाखल झाले. चंदनवर बायकोला छळल्याचा, गुणवंतला जखमी केल्याचा. आनंदीवर गंभीर दुखापतीचा. तिला जामीन मिळाला. वकिलानं सांगितलं की एक्सरे बोलेल, पण वेळ लागेल. बेव्हर्ली पार्कातल्या काही आयांनी मुलांसाठी दुसरी व्हॅन लावली, नवऱ्याला पहारीनं मारणाऱ्या बाईच्या हाती मुलं कशी द्यायची म्हणून. एक आई मात्र राईपर्यंत आली, आनंदीशेजारी बसली आणि चहा पिऊन गेली.

व्हॅन गॅरेजमध्ये तशीच उघडी पडली होती, पोटात नवी प्लेट घेऊन. गुणवंत दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देईना. शेवटी एके सकाळी आनंदीच खाली सरपटत गेली. सुचेतानं जॅकचा दांडा धरला. गुणवंत उकिडवा बसून सांगत होता.

"डावीकडं. डावीकडं म्हनलं ना! अगं, दांडी कुठं चाललीय, डोले फुटले काय—"

गाडीखालचे हात थांबले.

"ओरडू नको," आतून आवाज आला. "तू ओरडलास की माझे हात गार पडतात. मंग काम होत न्हाय."

गुणवंतनं तोंड मिटलं. त्याच्या जिभेवर आलेलं सगळं त्यानं गिळलं, आणि ते गिळताना त्याला घाम फुटला. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं, "गिअरबॉक्स थोडा हलव. जोर लावू नको. मागून दांडी एवढीशी फिरव. दात जुळले की आपोआप जाईल." सुचेता नवऱ्याकडे अशी बघत राहिली, जणू दुसरंच कोणी बोलत होतं. आत खट् असा आवाज झाला आणि गिअरबॉक्स इंजिनला जाऊन भिडला.

उन्हाळ्यात आनंदीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पाय किंचित आखूड राहिला, पण उचलायला लागला. गुणवंतला बारीक पान्हा धरता येईना, त्यामुळं गॅरेजमधलं नाजूक काम हळूहळू तिच्याकडे आलं. व्हॅनवर त्यांनी एक चालक ठेवला.

दसऱ्याच्या सुमारास चंदनचा चुलता गॅरेजवर आला. भला माणूस होता. सोबत पेढे होते. म्हणाला, दोन्हीकडच्या केसेस मागं घेऊ, पोरगा काठीवर आलाय, त्याला आता समज आलीय, घर मोडू नका.

गुणवंतच्या मानेच्या शिरा फुगल्या. तो उठून उभा राहिला, डावी मूठ वळलेली. मग तो तसाच उभा राहिला. उत्तर द्यायचं काम आपलं नाही, हे कळायला त्याला दोन बोटं द्यावी लागली होती.

गाडीखालून आनंदी सरकत बाहेर आली. तोंडावर ग्रीसचा पट्टा. तिनं फडक्याला हात पुसले आणि वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडली.

"काका, बसा, चहा घ्या," ती म्हणाली. "पेढे परत न्या. मी येनार न्हाय. केसचा काय व्हायचा ते कोर्टात होऊं दे. मना शिक्षा झाली तर भोगीन."

म्हाताऱ्यानं गुणवंतकडे बघितलं, पुरुषानं पुरुषाकडे बघावं तसं.

"तिनं सांगितलं ना," गुणवंत हळू म्हणाला आणि सुचेताला चहा टाकायला सांगायला आत गेला.